बदल सापडला, निदान झालं का?

दात काढल्यावर रक्त थांबत नाही, जरा आपटलं की काळंनिळं होतं, प्लेटलेटची संख्या मात्र नॉर्मल. अशा वेळी ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनियाची शंका घ्यावी लागते. यात प्लेटलेट पुरेशा असतात, पण एकमेकींना धरत नाहीत. दोष आयटीजीए२बी किंवा आयटीजीबी३ या जनुकात असतो आणि तो आई-वडील दोघांकडूनही यावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची रीत इथे महागात पडू शकते.

जनुक-तपासणीचा अहवाल आला की घरची मंडळी एकच विचारतात, ‘सापडलं का?’ अहो, बदल तर प्रत्येकाच्याच जनुकांत असतात. त्यातला एखादा दोषी ठरवायला पुरावे जुळावे लागतात: निरोगी लोकांत तो किती आढळतो, घरातल्या आजारी माणसांत आई-वडील दोघांकडूनही दोष आला आहे का, प्लेटलेट गोळा होण्याची प्रत्यक्ष चाचणी काय सांगते. २०१५च्या अमेरिकी नियमावलीत बदलांचे पाच गट आहेत. मधला ‘अर्थ अनिश्चित’. हा शेरा म्हणजे निदान नव्हे. त्यावर गर्भाबाबतचा निर्णय तर मुळीच घेऊ नये. तुलनेची माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने आपल्याकडे हा शेरा जास्त मिळतो. जीनोमइंडिया प्रकल्पाने जानेवारी २०२५मध्ये सुमारे १० हजार भारतीयांची माहिती संशोधकांना खुली केली. त्याने फरक पडावा.

नाशिककरांना या तपासण्यांसाठी मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था जवळची. जाताना जुने कागद न्याच, शिवाय पेशंटबरोबर आई-वडील दोघांनीही जावं. त्यांच्या रक्ताशिवाय पुरावा अर्धाच राहतो.