फडातील काडी आणि उसाचे बिल



‘हरित पुरवठा साखळी’ हा शब्द हल्ली सभांतून वारंवार कानी पडतो. ऐकायला जड, पण अर्थ सोपा आहे. माल शेतातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत नासाडी व प्रदूषण कमी करावयाचे आणि टाकाऊ म्हणतो ते पुन्हा कामी लावावयाचे. आपल्या कारखान्यात या साखळीची पहिली कडी गेटवर नाही, ती आपल्या फडात आहे.

“फड पेटवला की टोळी झपाझप तोडती,” असे काही सभासद म्हणतात. ते खोटे नाही. पण जळका ऊस लवकर नासतो. त्यातील साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते व त्याचे दाणे पडत नाहीत. हिशेब मांडू या. एक हजार टन उसात उतारा ०.१ टक्क्याने घटला की दहा क्विंटल साखर हातची गेली. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरविली आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३४ रुपये ६० पैसे वाढ दिली. तेव्हा उतारा घटला तर तोटा कारखान्याचा, तसा आपल्या बिलाचाही.

पाचट हेक्टरी ८ ते १० टन निघते. खोडव्यात ते सरीत दाबावे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो जिवाणू संवर्धन टाकावे. ओल टिकते, तण कमी होते, जमिनीचा कस वाढतो.

पुढच्या कड्याही अशाच आहेत. शंभर टन उसामागे सुमारे ३० टन बगॅस निघते. त्यावर बॉयलर चालतो, आणि सहवीजनिर्मिती असेल तेथे शिल्लक वीज विकता येते. ३-४ टन प्रेसमड निघते, त्याचे खत होऊन पुन्हा रानात जाते. मळीपासून इथेनॉल होते. उसाबरोबर माती-पाचट आले तर मात्र रोलर झिजतात आणि रस खराब होतो.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. पाळी लांबली, टोळी मिळेना, की माणूस वैतागून काडी लावतो. पाळीपत्रक पाळणे आणि तोडलेला ऊस ताजा असतानाच गाळणे हे आम्हा कारखान्याकडच्यांचे काम आहे. त्यात चुकलो तर जाब जरूर विचारा. पण काडी ओढण्यापूर्वी गट ऑफिसला एक निरोप द्यावा, एवढीच विनंती.