विलंबसहिष्णू जाळ्यांतील राउटिंग

ज्या संगणक जाळ्यांत प्रेषकापासून प्राप्तकर्त्यापर्यंत सलग जोडणी क्वचितच उपलब्ध असते, त्यांत संदेश पोहोचवण्याच्या पद्धतींना विलंबसहिष्णू जाळ्यांतील राउटिंग म्हणतात. दुर्गम खेडी, वन्य प्राण्यांच्या गळ्यातील संवेदक आणि अंतराळयाने यांच्याशी संपर्कासाठी या पद्धती महत्त्वाच्या आहेत. केविन फॉल यांनी २००३ मध्ये अशा जाळ्यांची सर्वसाधारण रचना मांडली.

तत्त्व

आंतरजालावरील नेहमीचे राउटिंग पूर्ण मार्ग अस्तित्वात असल्याचे गृहीत धरते. पुढचा मार्ग नसल्यास राउटर पॅकेट टाकून देतो. विलंबसहिष्णू जाळ्यात मात्र नोड संदेश स्वतःजवळ साठवतो, सोबत वाहून नेतो आणि दुसरा नोड भेटल्यावर पुढे देतो. त्यामुळे कोणत्याही एका क्षणी पूर्ण मार्ग नसला, तरी वेगवेगळ्या वेळी घडलेल्या भेटींच्या साखळीतून संदेश पोहोचू शकतो.

पद्धती

संदेशाच्या प्रती वाढवल्यास तो पोहोचण्याची शक्यता वाढते. परंतु साठवणक्षमता आणि बॅटरी लवकर संपते. हा समतोल प्रत्येक पद्धत वेगळ्या रीतीने साधते.

एपिडेमिक राउटिंग (२०००): साथीच्या रोगाप्रमाणे, भेटणाऱ्या प्रत्येक नोडला त्याच्याजवळ नसलेल्या संदेशांची प्रत दिली जाते.

प्रॉफेट (२००३): पूर्वीच्या भेटींवरून संदेश पोहोचवण्याची शक्यता मोजली जाते. भेटीने ती वाढते, काळानुसार घटते. अधिक शक्यता असलेल्या नोडकडे संदेश सोपवला जातो.

स्प्रे अँड वेट (२००५): प्रतींची संख्या आधीच ठरवली जाते. त्या वाटून झाल्यावर प्रत्येक वाहक प्रत्यक्ष प्राप्तकर्ता भेटेपर्यंत थांबतो.

उपयोग

कर्नाटकातील दोड्डबळ्ळापूर परिसरात डाकनेट प्रकल्पाने बसवर वाय-फाय उपकरण बसवले. बस गावातून जाताना जमिनीच्या नोंदींसाठीचे अर्ज गोळा करी आणि उत्तरे पोहोचवी. केनियातील झेब्रानेटमध्ये झेब्र्यांच्या गळपट्ट्या परस्परांकडील नोंदी साठवत.

अंतराळात भेटी कक्षांवरून आधीच ठाऊक असतात. त्यामुळे मार्ग वेळापत्रकानुसार ठरवता येतो. पृथ्वीवरून मंगळावर रेडिओ संदेश पोहोचण्यास सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. नासाने २००८ मध्ये डीप इम्पॅक्ट यानाच्या साहाय्याने या तंत्राची चाचणी घेतली.

मर्यादा

संदेश पोहोचण्याची निश्चित वेळ सांगता येत नाही, म्हणून थेट संभाषणासाठी ही जाळी उपयोगी नाहीत. प्रत्येक संदेशास आयुर्मर्यादा असते. ती संपल्यावर न पोहोचलेला संदेशही पुसला जातो. पोच परत येण्यास विलंब होत असल्याने, संदेश पोहोचल्यानंतरही त्याच्या जुन्या प्रती जाळ्यात फिरत राहू शकतात.