वाळूतली चिल्लर

दोन-चार हिवाळे समुद्रात काढलेलं अमेरिकन क्वार्टर हातात घेतलं, तर ते चलनातलं नाणं आहे यावर आधी विश्वासच बसत नाही. रंग काळाकुट्ट, एका अंगाला विटकरी डाग आणि त्यावर वाळूचे दाणे असे घट्ट बसलेले की नखाने निघत नाहीत. ते उभं धरून कडेकडून पाहिलं की मधोमध खोबण पडलेली दिसते. पंचवीस सेंटचं हे नाणं म्हणजे तांब्याचा गाभा आणि त्याच्या दोन्ही तोंडांना बसवलेला तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा. खारं पाणी कडेला उघडं पडलेलं तांबं आधी खातं आणि वरचे पत्रे बराच काळ तग धरतात. त्यामुळे वॉशिंग्टनचा चेहरा ओळखू येतो, पण नाणं चिमटीत धरल्यावर जरा हलकं लागतं.

न्यू जर्सीच्या अटलांटिक किनाऱ्यावर ईशान्येची वादळं येतात, ती वाळूचा वरचा थर खरवडून नेतात. उन्हाळाभर आडवारलेल्या लोकांच्या खिशांतून गळलेली चिल्लर मग मेटल डिटेक्टरच्या टप्प्यात येते. तिथल्या एका निवृत्त इलेक्ट्रिशियनच्या तळघरात या चिल्लरीचं पुढे काय होतं ते सावकाश पाहायला मिळतं. टेबलावर जुना टॉवेल, त्यावर आइस्क्रीमचे रिकामे डबे, एक भिंग, एक चाळणी. चाळणीतली नाणी तो नुसत्या पाण्याच्या धारेखाली धरतो. घासत नाही, बोटंही चोळत नाही. नाणी न पाहता घासायची नाहीत, हा त्याचा पहिला नियम आहे. कारण त्या काळ्या ढिगात कोणतं साल दडलंय ते अजून कळलेलं नसतं.

सगळं घोडं 1964 या सालाशी येऊन अडतं. तोवरची डाइम (म्हणजे दहा सेंटची), क्वार्टर आणि अर्ध्या डॉलरची नाणी 90 टक्के चांदीची असत. 1965 च्या जुलैमध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणेकायद्यावर सही केली आणि डाइम-क्वार्टरमधून चांदी हद्दपार झाली. अर्ध्या डॉलरमध्ये ती 40 टक्के उरली, तीही 1970 पर्यंतच. चांदीच्या क्वार्टरचं वजन 6.25 ग्रॅम, नव्याचं 5.67. चांदीच्या नाण्यात साडेपाच ग्रॅमहून अधिक शुद्ध चांदी असल्यामुळे अलीकडच्या भावाने त्याची किंमत दर्शनी किमतीच्या वीसपटीच्या पुढे जाते. म्हणून साल दिसेपर्यंत तो माणूस घाई करत नाही. कडेला तांब्याची लाल रेघ नसली तर नाणं लगेच वेगळ्या डबीत पडतं.

उरलेल्यांची निवड होते ती धातूप्रमाणे. निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, आरपार एकाच मिश्रधातूचं असतं: तीन भाग तांबं, एक भाग निकेल. मातीत राहिलं की ते लालसर होतं आणि कितीही धुतलं तरी मूळ रंगावर फारसं येत नाही. डिटेक्टरवर त्याचा आकडा कोल्ड्रिंकच्या कॅनवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कडीच्या आसपास येतो, म्हणून पुष्कळ लोक त्या आवाजाला खणतच नाहीत. सोन्याच्या कित्येक अंगठ्याही नेमक्या त्याच आकड्यात बोलतात. ज्याच्या डब्यात निकेल भरपूर, तो माणूस कंटाळा न करता खणणारा, असं खुशाल समजावं.

सर्वांत हाल पेनीचे. 1982 मध्ये महाग तांबं परवडेना म्हणून एक सेंटचं नाणं जस्ताचं झालं आणि त्यावर तांब्याचा नुसता मुलामा उरला. नव्या पेनीत 97.5 टक्के जस्त आहे. मुलाम्याला एक ओरखडा पडला की पाणी आत शिरतं, आणि तांबं-जस्त शेजारी असताना जस्ताचाच बळी जातो. वर्षा-दोन वर्षांत कड कुरतडल्यासारखी होते, पांढरी भुकटी सुटते, लिंकनच्या गालाला भोक पडतं. त्याआधीच्या, 95 टक्के तांब्याच्या पेन्या मात्र मातीत पन्नास वर्षं राहूनही हिरव्या-तपकिरी पण धडधाकट निघतात. या दोन्हींना एका डब्यात ठेवलं तरी चालतं. त्यांना क्वार्टर आणि डाइमच्या डब्यात मात्र कधीच जाऊ द्यायचं नाही.

का, ते टंबलर सुरू झाला की समजतं. टंबलर हे खरं तर दगडांना पॉलिश करायचं घरगुती यंत्र: रबराचं अस्तर असलेलं छोटं पिंप, दोन फिरत्या दांड्यांवर आडवं ठेवलेलं. त्यात नाणी, माशांच्या टाकीत घालतात ते बारीक खडे, नाणी बुडतील इतकं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. पिंप दोन-तृतीयांशच भरायचं. गच्च भरलं तर आत काही घासलं जात नाही. तासाभराने झाकण उघडलं की गडद राखाडी पाणी बाहेर येतं आणि खड्यांमधून पहिल्यांदा चकाकी दिसते. हट्टी डागांसाठी दुसरी फेरी व्हिनेगर आणि मिठाची. तांब्याचा हंडा चिंच-मिठाने उजळतो त्यात जी क्रिया घडते तीच इथेही घडते: आम्ल आणि मीठ मिळून वरचा ऑक्साइडचा थर विरघळवतात.

त्या विरघळण्यातच मेख आहे. पेनीवरचं तांबं आम्लात उतरलं की ते शेजारच्या क्वार्टर आणि डाइमवर जाऊन बसतं. सगळा घाणा गुलाबी निघतो आणि तो रंग काढणं मूळ डाग काढण्यापेक्षा कठीण जातं. शिवाय सडलेली पेनी म्हणजे उघडं जस्त, आणि जस्त आम्लात पडलं की हायड्रोजन सुटतो. बंद पिंपात तो दाब वाढवतो आणि झाकण उडतं. म्हणून हा माणूस पेन्या फक्त साबणाच्या पाण्यात फिरवतो. खायचा सोडा तो नाणी बाहेर काढल्यावर उघड्या भांड्यात, उरलेलं आम्ल मारण्यापुरता वापरतो. व्हिनेगरसोबत बंद पिंपात कधीच घालत नाही. निळसर-हिरवं पाणी बागेत ओतत नाही, कारण विरघळलेलं तांबं झाडांना आणि माशांना बाधतं.

धुतलेली नाणी नव्यासारखी होतात अशी अनेकांची कल्पना असते. ती होत नाहीत आणि व्हायची गरजही नाही. खड्यांनी घासलेल्या क्वार्टरवर बारीक ओरखडे असतात, तजेला मेलेला असतो, कुठे करडी झाक राहते. पण नाणी मोजणाऱ्या यंत्राला जाडी, व्यास आणि धातू पटला की काम झालं. फार वेळ फिरवलं तर उलट अक्षरं झिजतात आणि नाणं नाकारलं जातं.

मग येते मोजणी. बँकेतून मिळणाऱ्या कागदी नळ्यांत 40 क्वार्टर भरली की दहा डॉलर, 50 डाइम भरली की पाच, 40 निकेल भरली की दोन आणि 50 पेन्या भरल्या की अर्धा डॉलर. नळी भरायला लागणारा वेळ चौघींनाही जवळपास सारखाच. नळ्या भरायच्या नसतील तर सुट्टी नाणी मोजून घेणारी बँक सापडणं आता अवघड झालंय. टीडी बँकेच्या शाखांत ‘पेनी आर्केड’ नावाची लोकप्रिय यंत्रं होती. ती पैसे कमी मोजतात असं उघड झाल्यावर बँकेने 2016 मध्ये ती काढून टाकली. उरतं ते सुपरमार्केटच्या दारातलं कॉइनस्टार. रोख पावती हवी असेल तर ते शेकडा दहा डॉलरहून जास्त कापतं, भेटकार्ड घेतलं तर काही कापत नाही. तिथे अनुभवी माणूस आधी नाकारलेल्या नाण्यांच्या खाचेत बोट फिरवतो. चांदीची नाणी वजनाने आणि धातूने वेगळी असल्याने यंत्र ती पुष्कळदा परत टाकतं आणि घाईतले लोक ती तिथेच सोडून जातात.

एवढ्या खटाटोपातून मिळणाऱ्या पैशांत पेट्रोल आणि डिटेक्टरची बॅटरी निघाली तरी हे लोक खूश असतात. कायद्याने मात्र ती मिळकतच धरली जाते. 1957 साली पंधरा डॉलरला घेतलेल्या जुन्या पियानोत एका दांपत्याला 1964 मध्ये 4,467 डॉलर सापडले, आणि सापडलेलं धन हे करपात्र उत्पन्न आहे असा निकाल ओहायोतल्या फेडरल न्यायालयाने 1969 मध्ये दिला. तो आजही दाखला म्हणून दिला जातो.

टेबलावरच्या छोट्या डबीची गोष्ट वेगळी. तिच्यातल्या नाण्याला टंबलर, व्हिनेगर, टूथब्रश काहीही लागत नाही. 1859 ते 1909 मधली इंडियन हेड पेनी किंवा 1916 पासूनची मर्क्युरी डाइम कोणी हौसेने चकाचक केली, तर संग्राहकांच्या लेखी तिची किंमत तिथेच पडते. पीसीजीएस आणि एनजीसी या प्रमाणन संस्था साफ केलेल्या नाण्याला सरळ श्रेणी देत नाहीत, ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. 1916 साली डेन्व्हरला पाडलेल्या मर्क्युरी डाइम फक्त 2,64,000 आहेत. तशी एखादी खड्यांसोबत तासभर फिरली तर झालेलं नुकसान कोणत्याही रसायनाने भरून येत नाही. इतकी जुनी नाणी कुठे सापडली यालाही अर्थ असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर चालवणंच गुन्हा आहे. आपल्याकडे 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हे नियम जाचक वाटणाऱ्यांनी एवढंच पाहावं की एकदा जागेवरून उचललेल्या नाण्याचा त्या जागेशी असलेला संबंध पुन्हा जोडता येत नाही.

गोदावरीत किंवा चंद्रभागेत भाविकांनी टाकलेली नाणी मुलं दोरीला लोहचुंबक बांधून काढतात; आपली एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची असल्याने ते जमतं. अमेरिकन चिल्लर चुंबकाला दाद देत नाही. अपवाद युद्धकाळातल्या 1943 च्या पोलादी पेनीचा, म्हणून तळघरातल्या टेबलावरही एक छोटा चुंबक असतो.

शेवटी डब्यात उरतात त्या कुरतडलेल्या पेन्या आणि वाकलेली, अर्धी खाल्लेली क्वार्टर. वाकलेली आणि तुटकी नाणी वजनावर परत घेण्याची सोय अमेरिकन टांकसाळीने ठेवली होती; क्वार्टर आणि डाइमचा दर पौंडाला वीस डॉलर, पण प्रकारवार वेगळी केलेली असतील तरच. बनावट नाणी येत असल्याच्या संशयावरून 2015 मध्ये ती योजना थांबवली गेली आणि कडक नियमांसह 2018 मध्ये पुन्हा सुरू झाली. पेनीचं पाडणंच आता बंद आहे. एक सेंटचं नाणं पाडायला 3.69 सेंट खर्च येऊ लागला आणि 12 नोव्हेंबर 2025 रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पडली. जुन्या पेन्या कायदेशीर चलन म्हणून चालूच राहणार आहेत, त्यामुळे निवृत्त इलेक्ट्रिशियनने त्यांचा डबा टाकून दिलेला नाही. 1982 च्या आधीच्या तांब्याच्या पेन्या तो आता वेगळ्या नळ्यांत भरतो आणि नळीवर पेनाने साल लिहितो.