चहूकडे खारं पाणी, मग क्रूझवर अंघोळीला गोडं पाणी येतं कुठून?

बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी ज्या मराठवाड्यात आहे, तिथे टँकरची वाट बघणं कुणाला नवीन नाही. शेजारच्या लातूरला तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेत सुमारे ५ लाख लिटर आलं. माणशी २०० लिटर धरले, तर अडीच हजार लोकांच्या क्रूझला एवढं पाणी एका दिवसात संपेल. आणि भर समुद्रात टँकर येत नाही.

म्हणून मोठी जहाजं बरंचसं पाणी स्वतःच तयार करतात. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळतात. हवेचा दाब कमी ठेवल्यामुळे ते १०० अंशांच्या बरंच आधी उकळतं. वाफ थंड केली की गोडं पाणी, मीठ मागेच! दुसरा मार्ग आरओचा. तत्त्व घरच्या प्युरिफायरचंच, पण दाब कितीतरी जास्त, त्यामुळे वीजही खूप लागते. काटकसरही आहेच : व्हॅक्यूम टॉयलेटला फ्लशसाठी साधारण लिटरभर पाणी पुरतं.

खरी मेख सांडपाण्यात आहे. 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. त्यापलीकडे, चालत्या जहाजातून, बहुतेक समुद्रांत हळूहळू सोडता येतो. अंघोळीचं आणि लाँड्रीचं पाणी तर या मैल्याच्या व्याख्येतच बसत नाही. ते स्वच्छ करायचं की तसंच सोडायचं, हे स्थानिक कायद्यावर आणि क्रूझ कंपनीवर अवलंबून. मुंबईहून क्रूझचं बुकिंग करताना हे जरूर विचारा.