समकालिक प्रतिकृतीकरण

समकालिक प्रतिकृतीकरण : एका डेटाबेस सर्व्हरवरील व्यवहार दुसऱ्या सर्व्हरवरही नोंदला गेल्याची पोच आल्यावरच तो पूर्ण झाल्याचे ग्राहक-आज्ञावलीस कळविण्याची पद्धती. बँकेतील जमा रकमेसारख्या, एकदा मान्य झाल्यावर नाहीशा होता कामा नयेत अशा नोंदींसाठी ती उपयुक्त ठरते. असमकालिक पद्धतीत मुख्य सर्व्हर पोचीची वाट पाहत नाही. त्यामुळे तो कायमचा निकामी झाल्यास अखेरच्या क्षणांतील मान्य व्यवहार नष्ट होऊ शकतात.

पोस्टग्रेएसक्यूएल या प्रणालीत ही सोय ९.१ या आवृत्तीपासून (२०११) आहे. तीत प्रत्येक बदल प्रथम पूर्वलेखन-नोंदवहीत लिहिला जातो आणि त्या नोंदी राखीव सर्व्हरकडे अखंड पाठविल्या जातात. मांडणी करताना मुख्य सर्व्हरवरील ‘सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स’ या प्राचलात राखीव सर्व्हरांची नावे देतात. ते रिकामे असल्यास प्रतिकृतीकरण असमकालिकच राहते. ‘फर्स्ट’ या शब्दाने यादीतील अग्रक्रमानुसार, तर ‘एनी’ या शब्दाने (आवृत्ती १०, २०१७) यादीतील कोणत्याही ठराविक संख्येच्या सर्व्हरांची पोच आवश्यक ठरते.

पोच कोणत्या टप्प्यावर मानावी, हे ‘सिंक्रोनस_कमिट’ या प्राचलाने ठरते. ‘रिमोट_राइट’मध्ये नोंद राखीव सर्व्हरच्या प्रचालन प्रणालीकडे सोपविली जाणे पुरते, ‘ऑन’मध्ये ती तेथील स्थायी संचयात उतरावी लागते, ‘रिमोट_अप्लाय’मध्ये तो बदल तेथे वाचणाऱ्यांना दिसू लागावा लागतो. टप्पा जितका पुढचा, तितका विलंब अधिक. प्रकाशीय तंतूतून संदेश सेकंदास सु. २,००,००० किमी. जातो; म्हणून १०० किमी. अंतरावरील सर्व्हरच्या पोचीस केवळ जाण्यायेण्यातच सु. १ मिलिसेकंद लागतो.

या पद्धतीचा मुख्य धोका म्हणजे एकमेव राखीव सर्व्हर बंद पडल्यास मुख्य सर्व्हरवरील लेखन-व्यवहार पोचीअभावी खोळंबतात. यासाठी किमान दोन राखीव सर्व्हर ठेवून त्यांपैकी कोणत्याही एकाची पोच पुरेशी मानतात. खोळंबलेल्या व्यवहाराची प्रतीक्षा रद्द केली, तरी तो मुख्य सर्व्हरवर आधीच नोंदला गेलेला असल्याने मागे घेतला जात नाही. तो पुन्हा केल्यास नोंद दुबार होण्याचा संभव असतो. चुकीने पुसलेली माहितीही राखीव प्रतीतून लागलीच पुसली जाते. त्यामुळे स्वतंत्र सुरक्षा-प्रतींची आवश्यकता या पद्धतीने संपत नाही.