हस्तदुखापत : विद्यार्थ्यांसाठी शालेय व परीक्षाविषयक सोयी

बोटांपासून खांद्यापर्यंत हाताच्या कोणत्याही भागास इजा झाल्यामुळे ज्या विद्यार्थ्यास लिहिणे, आकृत्या काढणे किंवा उपकरणे हाताळणे तात्पुरते अथवा कायमचे अशक्य होते, त्याचे शिक्षण खंडित होऊ नये आणि त्याच्या ज्ञानाचे मापन यथार्थ व्हावे, यासाठी शाळा व परीक्षा मंडळे करीत असलेली व्यवस्था. तिला ‘सवलत’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी तीत अभ्यासक्रमाची अथवा उत्तीर्णतेची पातळी कमी केली जात नाही. केवळ उत्तर व्यक्त करण्याचे साधन बदलते. प्राथमिक इयत्तांत तोंडी परीक्षेने बरेचसे काम भागते. माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरांवर मात्र दीर्घ उत्तरपत्रिका, आकृत्या, प्रात्यक्षिके आणि वेळेचे बंधन यांमुळे हा प्रश्न तीव्र होतो.

दुखापतीचे स्वरूप : सोयी ठरविताना इजेचा प्रकार व तिचा कालावधी लक्षात घ्यावा लागतो. मनगटाजवळील अस्थिभंगात साधारणपणे चार ते सहा आठवडे प्लॅस्टर ठेवतात. मनगटातील अंगठ्याच्या बाजूचे लहान नौकाकृती हाड सावकाश सांधते. त्यामुळे ही मुदत आठ ते बारा आठवड्यांपर्यंत वाढू शकते. दंडाचे हाड मोडल्यास त्याला वेढून जाणाऱ्या तंत्रिकेस इजा होऊन मनगट लुळे पडण्याचा संभव असतो. ते पूर्ववत होण्यास पुष्कळदा काही महिने लागतात. मोटारसायकलीच्या अपघातात मानेतून हातात येणारे तंत्रिकाजाल ताणले वा तुटले गेल्यास संपूर्ण हात निकामी होऊ शकतो. अस्थिभंगावर पट्ट्या फार आवळून बांधल्यास रक्तपुरवठा खंडित होऊन स्नायू कायमचे आखडतात व साधी दुखापतही अपंगत्वात परिणत होते.

प्लॅस्टर निघाले म्हणजे विद्यार्थी लिहू लागला, असे मानणे चुकीचे आहे. सांधे ताठरलेले व पकड क्षीण झालेली असल्याने चार ओळी लिहू शकणारा हात तीन तास लिहू शकेलच असे नाही. तसेच लिहिण्याचा हात शाबूत असला, तरी दुसऱ्या हातावाचून कागद स्थिर धरणे, पट्टी व कंपास वापरणे किंवा परीक्षानळी धरून द्रव ओतणे कठीण होते.

वर्गातील सोयी : सहाध्यायाने घेतलेल्या टिपणांची प्रत देणे, फळ्यावरील मजकूर उतरवून घेण्याची सक्ती न करणे, पाठाचे ध्वनिमुद्रण करू देणे आणि गृहपाठ तोंडी अथवा संगणकावर टंकित करून स्वीकारणे, हे उपाय विनाखर्चाचे किंवा अल्पखर्चाचे आहेत. हात झोळीत असताना तोल सावरणे अवघड जाते. म्हणून जिन्यावरील गर्दी टाळता यावी अशा बेताने विद्यार्थ्यास वर्गातून थोडे आधी सोडणे इष्ट ठरते. दप्तराचे ओझे कमी करणे व बाकाच्या कडेची जागा देणे हेही उपयुक्त होय. शारीरिक शिक्षणातील खेळांतून वैद्यकीय सल्ल्याने सूट द्यावी. मात्र तासाला हजर राहून गुणलेखन किंवा पंचाचे काम करण्यास हरकत नसते. इजा दीर्घकालीन असल्यास दुसऱ्या हाताने लिहिण्याचा सराव भौतिकी चिकित्सकाच्या मार्गदर्शनाखाली लवकर सुरू करणे हितावह असते. परंतु नव्या हाताला वेग येईपर्यंत इतर सोयी चालू ठेवाव्या लागतात.

परीक्षेतील सोयी : यांत लेखनिक व वाढीव वेळ या प्रमुख होत. परीक्षार्थी सांगेल तेवढेच व तसेच लिहिणे, हे लेखनिकाचे काम. उत्तर सुचविणे वा दुरुस्त करणे हा गैरप्रकार ठरतो. त्यामुळे अशा परीक्षार्थीची बैठक स्वतंत्र खोलीत, पर्यवेक्षकासमोर ठेवणे श्रेयस्कर असते. लेखनिक खालच्या इयत्तेतील असावा, या प्रचलित संकेतामागेही हाच हेतू आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की विषयाशी अपरिचित लेखनिकास रासायनिक सूत्रे, गणितातील चिन्हे व पारिभाषिक संज्ञा एकेक करून सांगाव्या लागतात. यासाठी परीक्षेपूर्वी दोघांनी एकत्र सराव करणे आवश्यक आहे. स्वतः लिहीत विचार करणे आणि विचार करून दुसऱ्यास सांगणे या भिन्न क्रिया आहेत. वाढीव वेळेची गरज यातूनच निर्माण होते. भाषाविषयांत शुद्धलेखन कोणाचे, असाही प्रश्न उद्भवतो. ग्रेट ब्रिटनमधील शालान्त परीक्षांत शुद्धलेखनाचे गुण मिळण्यासाठी परीक्षार्थीस अक्षरे व विरामचिन्हे स्वतः सांगावी लागतात.

कायदेशीर स्थिती : भारतात 1995 च्या अपंग व्यक्तीविषयक अधिनियमाने लेखनिकाची तरतूद मुख्यतः अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी केली होती. केंद्र शासनाच्या 26 फेब्रुवारी 2013 च्या मार्गदर्शक सूचनांनी दर तासास किमान 20 मिनिटे भरपाई वेळ, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास, असे प्रमाण घालून दिले. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या 17 व्या कलमात वाढीव वेळ व लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तथापि किमान 40 टक्के अपंगत्वाच्या अटीमुळे अनेक जण वंचित राहत. लेखनात अडथळा येणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी ही अट लेखनिकासाठी आवश्यक नसल्याचा निर्णय दिला. त्यानुसार 10 ऑगस्ट 2022 रोजी, 40 टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या परंतु लिहिण्यास अडचण येणाऱ्या व्यक्तींसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या.

मर्यादा : या अधिनियमातील व्याख्या दीर्घकालीन व्यंगावर आधारलेली आहे. परीक्षेच्या आठ दिवस आधी हात मोडलेला विद्यार्थी त्या व्याख्येत सहसा बसत नाही. त्याची सोय परीक्षा मंडळांच्या नियमांवरच अवलंबून राहते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षाविषयक उपविधींत अपघातामुळे लिहू न शकणाऱ्या परीक्षार्थीचाही विचार केलेला आहे. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी असा अर्ज वैद्यकीय प्रमाणपत्रासह शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. अशा वेळी विलंब हाच मोठा अडसर ठरतो : प्रमाणपत्र, लेखनिकाचा शोध व मंजुरी ही सारी कामे थोड्या दिवसांत उरकावी लागतात. पुरवणी परीक्षेचा पर्याय असला, तरी तोवर पुढील प्रवेशाच्या संधी निसटू शकतात. म्हणून पात्र लेखनिकांची यादी शाळेने वर्षारंभीच तयार ठेवणे, हा या बाबतीतील सर्वांत व्यवहार्य उपाय होय.