पाव तास आणि पंचावन्न वर्षे

२९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकरा वाजता एडमंड हिलरी आणि तेनझिंग नोर्गे यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवले. त्या शिखरावर ते दोघे जेमतेम पाव तास थांबले. जगाने हिलरींना ओळखले ते त्या पाव तासामुळे. परंतु त्यानंतर ते जवळजवळ पंचावन्न वर्षे जगले, आणि माणूस म्हणून त्यांची खरी पारख झाली ती याच वर्षांत. पती म्हणून, पिता म्हणून, आणि ज्या डोंगराने कीर्ती दिली त्या डोंगरातील माणसांचे देणेकरी म्हणून ते कसे वागले, हे आठवण्यासारखे आहे.

हिलरींचा जन्म २० जुलै १९१९ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंडचा. वडिलांचा व्यवसाय मधुमक्षिकापालनाचा. एडमंड आणि धाकटा भाऊ रेक्स वडिलांच्या हाताखाली राबत. पेट्या वाहण्याच्या त्या कष्टाने शरीर कणखर झाले, आणि कामाचा हंगाम संपला की डोंगराची वाट मोकळी होई. जग जिंकून आल्यासारखा गौरव झाला तेव्हाही ते पेशाने मधुपालकच होते.

शिखरावर न डगमगणारा हा उंचापुरा मनुष्य स्वभावाने मात्र विलक्षण संकोची होता. लुईझ रोझ ही संगीताची विद्यार्थिनी त्यांच्या मनात भरली होती. पण तिला विवाहाविषयी विचारण्याचे धैर्य त्यांना होईना. अखेर लुईझच्या आईनेच दूरध्वनी करून मुलीला त्यांच्या वतीने विचारले. ३ सप्टेंबर १९५३ रोजी दोघांचा विवाह झाला. पुढे पीटर, सारा आणि बेलिंडा ही तीन मुले झाली.

साहसी पुरुषाच्या संसारात वियोग ठरलेलाच असतो. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी हिलरी वर्षाहून अधिक काळ घराबाहेर होते. ४ जानेवारी १९५८ रोजी ते ट्रॅक्टरने ध्रुवावर पोहोचले, तेव्हा लुईझ दोन लहान मुलांना सांभाळत घर चालवीत होत्या. या वियोगावर त्या दांपत्याने पुढे आपल्या परीने उपाय शोधला. शक्य तेव्हा हिलरी मुलाबाळांना बरोबर घेऊन निघत. तंबूत मुक्काम, चुलीवरचा स्वयंपाक, पायी प्रवास हेच त्या मुलांचे शिक्षण झाले. १९६६च्या अखेरीस सारे कुटुंब एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू प्रदेशात जाऊन राहिले. त्या प्रवासावर लुईझ यांनी लिहिलेले पुस्तक पुढे प्रसिद्ध झाले.

खुंबूशी हे नाते जडले होते ते एका साध्या प्रश्नामुळे. तुमच्यासाठी काय करता येईल, असे हिलरींनी शेर्पांना विचारले होते. त्यांनी धन मागितले नाही; मुलांसाठी शाळा मागितली. १९६१ मध्ये खुमजुंग येथे ती शाळा उभी राहिली. १९६६ मध्ये खुंडे येथे रुग्णालय झाले. सामान पोहोचावे म्हणून १९६४ मध्ये लुक्ला येथे धावपट्टी तयार केली गेली. हिमालयन ट्रस्ट या त्यांच्या संस्थेच्या हातून पंचवीसहून अधिक शाळा, दोन रुग्णालये आणि अनेक आरोग्यकेंद्रे उभी राहिली. हिलरी केवळ निधी गोळा करून थांबत नसत. फळ्या कापणे, खिळे ठोकणे, छपराचे पत्रे बसविणे ही कामे ते स्वतः करीत.

अशाच एका कामावर असताना त्यांच्यावर आघात झाला. १९७५ मध्ये फाफलू येथे दुसऱ्या रुग्णालयाचे बांधकाम चालू होते आणि कुटुंब काठमांडूस येऊन राहिले होते. ३१ मार्च रोजी लुईझ आणि सोळा वर्षांची बेलिंडा फाफलूकडे येण्यासाठी लहान विमानात बसल्या. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते कोसळले. दोघीही गेल्या.

हिलरी खचले. पुढची कित्येक वर्षे ते दुःख त्यांच्या मागे होते, आणि ते त्यांनी कधी लपविलेही नाही. ज्या देशासाठी आपण राबलो तेथेच पत्नी आणि कन्या गमावल्यावर, त्या देशाकडे पाठ फिरविली असती तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु फाफलूचे रुग्णालय पूर्ण झाले आणि हिलरी पुन्हा पुन्हा खुंबूत येत राहिले. ज्या कामाशी दोघींची शेवटची आठवण जोडली गेली होती, ते त्यांनी अर्धवट टाकले नाही.

दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, गंगासागरापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध यांत्रिक नौकांनी वर जाण्याची मोहीम त्यांनी काढली. तरुण पीटर बरोबर होता. नंदप्रयागजवळ धबधब्याने नौका अडविल्या, तेव्हा मंडळी पायी निघाली. पुढे उंचावर हिलरी गंभीर आजारी पडले आणि सहकाऱ्यांनी त्यांना खाली आणले. ज्याने सर्वोच्च शिखर गाठले, त्यालाही सोबत्यांच्या आधाराने परतावे लागले. १९९० मध्ये पीटरने एव्हरेस्ट सर केले. पित्यापाठोपाठ पुत्राने त्याच माथ्यावर पाऊल ठेवले.

१९८५ पासून सुमारे साडेचार वर्षे हिलरी न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत राहिले. १९८९च्या डिसेंबरात त्यांनी जून मलग्रू यांच्याशी विवाह केला. जून यांचे पती पीटर हे हिलरींचे जिवलग मित्र. तेही १९७९ मध्ये अंटार्क्टिकावरील विमान अपघातात गेले होते. त्या विमानात प्रवाशांना माहिती सांगण्यासाठी ते हिलरींच्या जागी गेले होते. एकाच प्रकारचे दुःख सोसलेल्या दोन जीवांनी उतारवयात परस्परांना आधार दिला.

११ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, हिलरींचे निधन झाले. भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. त्यांच्या इच्छेनुसार रक्षा ऑकलंडलगतच्या समुद्रात विसर्जित करण्यात आली.

एव्हरेस्टवर त्यांच्यानंतर हजारो जण चढले आणि पहिलेपणाचा मान इतिहासात जमा झाला. खुमजुंगच्या शाळेत मात्र आजही रोज सकाळी मुले येऊन बसतात. ज्यांच्या खांद्यांच्या आधाराने आपण वर गेलो, त्यांचे उतराई होण्यास एक आयुष्य पुरत नाही, हे हिलरींनी ओळखले होते. घरातील दोन दिवे विझल्यावरही ते फेडीत राहिले, यातच त्यांचे मोठेपण आहे.